खुंटीवरची टोपी

गुलाबमळा कॉलनी, नाशिक
१५ जानेवारी २०२६

बहिरू,

काल संक्रांत झाली. सोबत तिळगुळाची पुडी आहे. सूनबाईनं, शुभांगीनं केलाय, म्हणजे कडक आहे; उरलेल्या दाढा सांभाळून खा. गोड बोल असं मी लिहीत नाही. तिळगूळ खाऊन तू कधी जास्त बोलल्याचं मला आठवत नाही.

येवल्यात या दिवसांत पतंगांपायी माणसं धाब्यावरून खाली उतरत नाहीत म्हणे. तूही चढला असशील. दीपमालाला माझा निरोप सांग, बापाच्या हातात चक्री दे, मांजा देऊ नको. मांजा हातात आला की त्याला वाटतं आपण अजून चौथीत आहोत. चौथीत गुरुजी आपल्याला कविता म्हणत तुमच्या मळ्याच्या बांधावरून चालवायचे, ते काल पतंग बघताना आठवलं. मी चालीवर म्हणायचो, तू पावलांवर. तुझी ओळ माझ्या ओळीच्या नेहमी अर्धा बांध मागे. आणि दोन्हीकडं गुलाब. तो वास मला अजून कवितेचाच वाटतो.

फोन करत नाही, कारण फोनवर तू फक्त ‘हं’ म्हणतोस आणि तुझ्या ‘हं’चे अर्थ लावण्यात माझा निम्मा जन्म गेला. पत्राला निदान ‘हं’ म्हणता येत नाही.

भांडण उकरायला लिहीत नाहीये. पण दिवाळीआधी नव्या इमारतीवरून झालेल्या त्या मीटिंगमध्ये तू उभा राहून जे विचारलंस, ते माझ्या डोक्यातून जात नाही. ‘तुमचे बंगले झाले तेव्हा इथं माझ्या बापाचा गुलाब होता. तेव्हा कुणी घेतली होती का हरकत?’ कॉलनीच्या कमानीवर ‘गुलाबमळा’ लिहिलंय आणि आत औषधाला गुलाब नाही, हे तोवर कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, ‘विकणाऱ्यानं गुलाबाच्या गोष्टी सांगू नयेत.’ तू वळूनही पाहिलं नाहीस. माझ्या घरी आलास, टोपी खुंटीवर टांगलीस, अर्धा चहा प्यालास आणि बोडक्या डोक्यानं चालू लागलास. दुसऱ्या दिवशी तुझी नवसाआक्का म्हणाली, ‘गेला तो. लेकीकडं. येवल्याला.’

माझं म्हणणं मी तुला तोंडावर सांगितलं होतं, तेच आजही आहे. तुझ्या संतोषनं बिल्डरला जमीन विकावी. पोराच्या नावावर आहे, फुलशेतीत त्याचा जीव रमत नाही. पण त्या चौदा मजल्यांखाली रंगपंचमीच्या रहाडीचं पटांगण जाणार असेल तर मी आडवा पडणार. तू म्हणालास, ‘पड आडवा. तुझी लांबी किती!’

लांबी तेवढीच आहे. पण आता माझ्याबरोबर अख्खी कॉलनी आडवी पडलीय.

टोपी जागेवर आहे. रोज झटकतो.

तुझा,
निवृत्ती


४ फेब्रुवारी

बहिरू,

उत्तराची वाट मी पाहत नव्हतो, त्यामुळे ते आलं नाही याचं वाईट वाटलं नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं, ते सहज.

इथली गंमत सांगतो. महापालिकेनं हरकती मागवल्या आणि आमची हरकत लिहायचं काम हर्षालीकडं आलं. हर्षाली म्हणजे कोपऱ्यातल्या बंगल्यातली. लहानपणी तुझ्या शेवंतीची रोपं उपटून ‘गाजर नाही निघालं’ म्हणून रडायची ती. आता कोर्टात वकिली करते. मला म्हणाली, ‘काका, रहाड म्हणजे काय, ते साहेबांना कळेल असं एका पानात लिहून द्या.’

मी रात्रंदिवस घोळवून लिहिलं. सुरुवातीलाच दोन ओळी केल्या:

मातीखाली निजला रंग, अंगावर उन्हाची शाल,
गावाने मारता हाक, उठेल केशर-लाल.

पोरीनं वाचलं आणि डोक्याला हात लावला. ‘काका, इमोशनवर केस चालत नाही. खड्डा किती खोल, कधी उघडतात, कोण उघडतं, एवढं सांगा.’ मग मी सांगत गेलो आणि ती सरळ सरळ लिहीत गेली. की जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात, तशीच आपल्या वाडीची ही एक धाकटी रहाड. दगडी बांधणीचा चौकोनी हौद. वर्षभर सागाच्या फळ्यांनी झाकलेला आणि वर माती. त्या मातीवर पोरं क्रिकेट खेळतात, लग्नाचे मांडव पडतात, खाली काय आहे ते कुणाला दिसत नाही. रंगपंचमीला माती काढायची, फळ्या उचलायच्या, पाणी भरायचं, पळसाच्या फुलांचा उकळलेला रंग ओतायचा आणि वरून उडी मारायची. त्या उडीला धप्पा म्हणतात. रंगपंचमी सोडून इतर दिवशी रहाड उघडायची नाही. आणि पहिली कुदळ, पहिला धप्पा बहिरूच्या घराचा. घरातलं थोरलं माणूस येऊन माती मोकळी करतं, तोवर दुसऱ्या कुणी मातीला हात लावायचा नाही.

हर्षालीनं लिहिणं थांबवलं. ‘शेवटची कधी उघडली होती?’

मी सांगितलं. करोनाच्या आधी. मग करोना आला. मग वहिनी गेल्या, सुतक, मग तुला उत्साहच नाही. मग ही मीटिंग.

‘म्हणजे इतकी वर्षं कुणी पाहिलेली नाही,’ ती म्हणाली. ‘हेच ते धरतील बघा.’

आणि धरलंच. बिल्डरचा माणूस ललित, गॉगल लावून येतो तो, परवा घरोघर रंगीत पुस्तिका वाटून गेला. इमारतीच्या नावात गुलाब आहे, इंग्रजीतला. मला म्हणतो, ‘गुरुजी, तुमच्यासाठी खास वाचनकट्टा ठेवलाय टेरेसवर.’ मी म्हटलं, ‘चौदाव्या मजल्यावर जाऊन मी काय वाचू? ढगांची हजेरी घेऊ?’ तो हसला. वाईट नाही पोरगा. पण जाताना म्हणाला, ‘रहाड-बिहाड गोष्टीतली हो. आमचे इंजिनिअर बघून गेले. सपाट माती आहे.’

सपाट माती! बहिरू, तू त्या मातीत पहिल्यांदा धप्पा मारलास तेव्हा तुझी चड्डी वर तरंगत आली होती. गोष्टीतली म्हणे.

निवृत्ती


१८ फेब्रुवारी

बहिरू,

सुनावणी झाली. तुला रागच येणार असेल तर येऊ दे, पण वाच.

महापालिकेत त्या छोट्या दालनात आम्ही एवढी माणसं शिरलो की शिपायानं पंखा वाढवला. खुर्चीवर एक अधिकारी बाई होत्या. पिकलेले केस, चष्मा साखळीला, चेहऱ्यावर काही नाही. ललितनं ड्रोनमधून काढलेले फोटो भिंतीवर दाखवले. वरून आपलं पटांगण मला पहिल्यांदाच दिसलं. एखाद्या तळहातासारखं. मी फोटोत हरवलो आणि हर्षालीनं कोपर मारलं.

ललित म्हणाला, ‘मॅडम, बांधकामाची खूण नाही, वापर नाही. जमीन खासगी मालकीची, मालकाची सही आहे. ह्यांच्याकडं फक्त आठवणी आहेत.’

हर्षाली म्हणाली, ‘प्रत्यक्ष पाहणी करा.’

‘करू की,’ ललित म्हणाला. ‘उद्या करा. जेसीबी आमचा.’

तेव्हा मागून नवसाआक्काचा आवाज आला. बाजारात भाजीवर बसते त्याच आवाजात: ‘जेसीबी? ती काय गटार हाय का रे? रंगपंचमीबिगर तिला कुणी हात लावायचा नाय. आन माझ्या भावाबिगर तर नायच नाय.’

बाईंनी चष्मा काढला. पहिल्यांदा आमच्याकडं नीट बघितलं. विचारलं, ‘रंग कोणता तुमच्या रहाडीचा?’

‘पळसाचा. केशरी,’ आक्का म्हणाली.

बाई म्हणाल्या, ‘माझं माहेर जुन्या नाशकातलं. आमचा पिवळा.’ ललितचा चेहरा तुला दाखवायला हवा होता. पण बाई कुणाच्या बाजूच्या नाहीत हेही लगेच कळलं. त्यांनी स्वच्छ सांगितलं: रंगपंचमी आठ मार्चला, रविवार आहे, तरी मी येईन. रहाड असेल आणि रीतीप्रमाणे उघडून लोक खेळत असतील, तर पटांगण आराखड्यातून वगळावं लागेल. उघडली नाही, तर हरकत निकाली. पुढची तारीख नाही.

बाहेर पडल्यावर सगळ्यांना कोण आनंद! हर्षालीला पोरांनी उचललंच. आणि मग कुणीतरी विचारलं, ‘पण उघडणार कोण?’

त्यावरून कॉलनीत दोन तट पडलेत. नवे लोक म्हणतात, एवढं काय, आपण सगळे मिळून खणू. वाडीतले म्हणतात, मानकऱ्याच्या कुदळीशिवाय उघडलेली रहाड म्हणजे नुसता खड्डा. त्यापेक्षा गेलेली बरी. काल दोन तरुण पोरं फावडी घेऊन ‘जरा चाचपून बघतो’ म्हणून गेली, तर आक्का पटांगणाच्या मधोमध फतकल मारून बसली. भाजीची पाटी तिथंच, वजनकाटा तिथंच. गिऱ्हाईकं तिथंच येऊ लागली. संध्याकाळी मी गेलो तर म्हणाली, ‘मास्तर, मेथी घे, नायतर ऊठ हितून.’ मेथी घेतली.

हर्षाली मला म्हणाली, ‘काका, मानकरी आणि जमीन विकणारे एकाच घरातले आहेत हे मी मॅडमना कसं समजावू?’ मी म्हटलं, मॅडमचं राहू दे, मला समजाव.

म्हणजे बघ. तुझ्या घरानं एका हातानं विकलं आणि दुसऱ्या हातात कुदळ आहे. मी तुला ये म्हणत नाहीये. फक्त तारीख कळवली. आठ मार्च, रविवार.

निवृत्ती


१ मार्च

बहिरू,

तू असा कसा रे!

आज दुपारी हरसूलची एसटी आली आणि कंडक्टरनं गोणी उतरवली. आत पळसाची फुलं. नुकती झाडावरून उतरवलेली, काहींच्या देठांना मुंग्या अजून लागलेल्या. मी विचारलं, कुणी पाठवली? तो म्हणाला, ‘येवल्याच्या बाबांनी फोन केला होता आमच्या गावात. म्हणाले, पूर्वीसारखी भरून पाठवा.’ मग त्यानं चिठ्ठी बघितली आणि म्हणाला, ‘नाव नवसाबाई लिहिलंय.’

मी हसलो. एरवी गोणी तुझ्या नावानं यायची. यंदा तू नाहीस म्हणून आक्काचं घातलंस, हे मला कळतं. कळलं नाही ते पुढचं. फुलं पाठवलीस म्हणजे तू येतोयस, की येत नाहीयेस म्हणून फुलं पाठवलीस? या गोणीकडं मी दुपारपासून तुझा ‘हं’ असल्यासारखा बघत बसलोय.

आक्काला विचारलं, तर तिनं गोणीत हात घातला, फुलं चोळली, हाताचा वास घेतला आणि म्हणाली, ‘चांगली हायेत.’ भावंडं शोभता.

होळी तोंडावर आली. मी आता लपवत नाही. आम्हाला तू हवा आहेस. कॉलनीला हवा आहेस रहाडीसाठी. मला त्या खुंटीपायी. टोपी दिसली की मला वाटतं तू आत मोरीवर पाय धुतोयस आणि आता येऊन उरलेला चहा मागशील.

तुझी अडचण मला माहीत आहे. संतोषची सही म्हणजे तुझा शब्द. दिलेला शब्द तू कधी मोडला नाहीस. शाळेत ‘मी चिंच पाडली’ हे माझ्यासाठी कबूल केलंस आणि छडी खाल्लीस, पण मागे घेतलं नाहीस. बिल्डरला शब्द देऊन त्याच्याविरुद्ध कुदळ मारायला तू यावंस, हे मी कुठल्या तोंडानं म्हणू?

आणि कुदळ तरी कुठं आहे! देव्हाऱ्याशेजारी लाल फडक्यात ठेवलेली ती तुझ्या आजोबांची कुदळ संतोषच्या घरात. संतोष आमच्याशी बोलत नाही. परवा दुधाच्या डेअरीवर समोरासमोर आलो. मी म्हटलं, ‘कसा आहेस रे?’ तो म्हणाला, ‘बिल्डिंगविरोधी लोकांशी बोलायला बंदी आहे, गुरुजी.’ आणि मग माझ्या पिशवीला भोक पडलेलं बघून आपली पिशवी मला देऊन गेला. तुझाच पोरगा.

पोरांनी माझ्या दोन ओळींना चाल लावलीय. कसली चाल! क्रिकेटच्या टाळ्यांची. मला म्हणतात, ‘आजोबा, तुम्ही शेवटी फार लांबवता.’ मला तुझी आठवण आली. तूही हेच म्हणायचास.

निवृत्ती


८ मार्च, रंगपंचमी, दिवेलागणी

बहिरू रे बहिरू,

कागदावर केशरी बोटं उमटताहेत, त्याला इलाज नाही. धुतली तीन साबणांनी. नखांत राहिलाय तो राहूच दे.

सकाळपासून सांगतो. ऊन चढायच्या आत अख्खी वाडी, अख्खी कॉलनी पटांगणात. महिला मंडळानं महिला दिनाचा फलक कमानीला बांधला होता, त्यावर पोरांनी पिचकाऱ्या मारून अक्षरं आधीच वितळवली होती. चुलीवर मोठमोठ्या कढयांत पळस उकळत होता. पाण्याचा टँकर उभा. सुनावणीच्या बाई आल्या रिक्षानं. पटांगणाच्या कडेला त्यांनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

ललित आला पांढऱ्याशुभ्र शर्टात. रंगपंचमीला! हर्षाली म्हणाली, ‘ह्यांनी माघार घ्यायची तयारी करूनच शर्ट निवडलाय.’ त्याच्याबरोबर शूटिंगवाला.

सगळं होतं. तू नव्हतास, कुदळ नव्हती. मी येवल्याच्या गाडीच्या वेळेला कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. गाडी आली, एक बाई कोंबडी घेऊन उतरली, गाडी गेली. परत आलो तेव्हा कुणी मला काही विचारलं नाही. माझ्या चालण्यावरूनच कळलं असेल.

ऊन तापायला लागलं. बाईंनी घड्याळ बघितलं. ललित अदबीनं म्हणाला, ‘मॅडम, मी सांगितलंच होतं. आठवणी.’ कॉलनीतला एक तरुण फावडं उचलून पुढं झाला, वाडीतल्या दोघांनी त्याला धरलं, ढकलाढकली सुरू. आता आपापसातच मारामारी होऊन सगळं संपतंय, असं वाटलं.

तेवढ्यात मोटारसायकल. संतोष! मागच्या सीटवर लाल फडक्यात गुंडाळलेलं लांब काहीतरी बांधलेलं. ललित हसत पुढं गेला, ‘या या संतोषशेठ, सांगा ह्यांना.’ संतोष त्याच्या शेजारून निघून गेला. सरळ पटांगणाच्या मधोमध. तिथं आक्का बसली होती भाजीच्या पाटीशिवाय, नवं लुगडं नेसून. हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. नवं लुगडं!

संतोषनं तिच्या पायावर डोकं ठेवलं. फडकं सोडलं. कुदळ तिच्या मांडीवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘बाबांचा फोन होता. म्हणाले, शब्द मी दिलाय, तू दिलायस. आपण हात लावायचा नाही. पण आत्यानं कुणाला शब्द दिलेला नाही. आणि घरात थोरली ती आहे.’

बहिरू, मी मुलांना शिकवण्यात आयुष्य घालवलं. थोरलं माणूस, थोरलं माणूस, असं मीच हर्षालीला लिहून दिलं. ते थोरलं माणूस भर उन्हात त्याच मातीवर बसून मला मेथी विकत होतं आणि मी येवल्याच्या गाडीची वाट बघत होतो! गोणीवर नाव वाचून हसलो होतो मी. तू माझ्यावर हसला असशील तेवढं कमीच.

वाडीतला एक म्हातारा पुटपुटला, ‘पण ती दिलेली लेक. मान परघरी जातो का?’

आक्का उठली. कुदळ खांद्यावर. ‘दिली व्हती. नवरा वारला तवा त्यांनी परत दिली. तवापासून ह्या मातीत मी खुरपं धरतेय, आन तू कुठल्या घरचा ते मला आज कळलं. सरक.’

म्हातारा सरकला. बाईंनी तोंडावर पदर धरला. हसू लपवलं की काय ते मी बघितलं नाही असं धर.

आणि पहिली कुदळ पडली. तो आवाज, बहिरू! खाली पोकळ असलं की माती कशी बोलते, ते आपल्याला ठाऊक. पोरांनी पहिल्यांदा ऐकलं. क्षणभर सगळे थबकले आणि मग काय, घमेली, फावडी, पाट्या, हातानं माती. कॉलनीवाले आणि वाडीवाले एकमेकांच्या अंगावर माती उडवत. माझ्या ओळी त्यांच्या टाळ्यांच्या चालीत. ‘गावाने मारता हाक’ला सगळे एकदम वाकायचे. चाल चांगली आहे रे त्यांची. माझी लांबतच होती.

फळी दिसली तेव्हा ललितनं शूटिंगवाल्याला थांबायची खूण केली. बाई म्हणाल्या, ‘थांबवू नका. हेच हवंय मला.’

फळ्या उचलल्या. खालून तो गार वास आला. दगड तसेच. कोपऱ्यात आपण खिळ्यानं कोरलेला तो वाकडा मासा तसाच. तू कोरलेला, मी रंगवलेला. मी बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, ‘हा मासा आहे?’ तुझ्या चित्रकलेबद्दल माझं मत त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

पाणी, रंग, हळदकुंकू, नारळ. आणि मग सगळे आक्काकडं बघायला लागले. पहिला धप्पा. हर्षाली घाबरली, ‘आजी, तुम्ही नुसता पाय बुडवा, चालेल.’ आक्कानं कासोटा घट्ट केला, पदर खोवला, काठावरून मागं गेली, मागं गेली, इतकी मागं गेली की मला वाटलं घरी चालली. आणि धावली. बहिरू, धावली! आणि उडी. एवढ्या जोरात ‘धप्पा!’ झाला की केशरी भिंत उभी राहिली आणि ती थेट त्या पांढऱ्या शर्टावर जाऊन बसली.

ललित तसाच उभा. मग गॉगल काढला. गॉगलच्या जागी दोन पांढरी वर्तुळं, बाकी सगळा पळस. एक क्षण वाटलं चिडणार. तो म्हणाला, ‘आजी, दुसरा धप्पा कुणाचा असतो?’ पोरांनी त्याला उचललंच.

बाईंनी काठावर उभ्या राहूनच कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं विचारायचं धाडस झालं नाही. पण जाताना त्यांनी ओंजळ भरून रंग घेतला आणि कपाळाला लावला. रिक्षावाला म्हणाला, सीट खराब होईल. त्या म्हणाल्या, होऊ दे.

मीही पडलो. पडलो म्हणतो, धप्पा म्हणत नाही. आक्कानं पाय ओढला.

तुझी टोपी खुंटीवरून काढली आणि आक्काच्या हातात दिली. तिनं ती रंगात बुडवली, पिळली, पुन्हा बुडवली, पटांगणातल्या दोरीवर वाळत घातली. उद्या सकाळी येवल्याच्या गाडीत कंडक्टरच्या हाती देतोय, या पत्रासकट. बोडक्या डोक्यानं गेला होतास ना? घे.

तुझा, नखशिखांत,
निवृत्ती


१९ मार्च, गुढीपाडवा

बहिरू,

निकाल आला. हर्षालीनं सकाळी गुढी उभारायच्या वेळी कमानीखाली उभं राहून मोठ्यानं वाचला. पटांगण आराखड्यातून वगळलं. रहाड परंपरेनं वापरात असल्याची नोंद, हे त्यातलं वाक्य मी तिला परत वाचायला लावलं. मला त्यात यमक नसूनही ते कवितेसारखं वाटलं. यंदाची गुढी पटांगणातच उभी केली. आक्कानं. तिला कुणी विचारलंही नाही आता. काठी तिच्याच हातात गेली.

ढोल वाजले, पेढे वाटले, शुभांगीनं श्रीखंड केलं, तेही कडक झालं. कसं ते मला विचारू नको.

बिल्डरनं नवा आराखडा दिलाय. पटांगण सोडून, रस्त्याच्या बाजूला, निम्म्या उंचीचा. संतोषचा व्यवहार उरलेल्या जमिनीवर टिकला. तो काल घरी आला होता, चहा पूर्ण प्याला. म्हणाला, ‘गुरुजी, आता बंदी उठली.’ कॉलनीतले काही लोक कुरकुरतात, तेवढी तरी बिल्डिंग कशाला, पाणी पुरणार नाही, गाड्या वाढतील. पाण्याचं खरं आहे, त्यासाठी पुन्हा भांडू. पण माणसं नकोत, असं मी म्हणणार नाही. तू विचारलं होतंस, आम्ही आलो तेव्हा कुणी घेतली होती का हरकत. नव्हती घेतली. तुझ्या बापानं उलट प्रत्येक बंगल्याच्या वास्तुशांतीला गुलाबाची टोपली पाठवली होती. आज सभेत मी उभा राहून हे सांगितलं, तुझ्याच जागेवर, तुझ्याच खुर्चीशेजारी. आणि ठराव मांडला की नव्या इमारतीत जो कुणी राहायला येईल, त्याला पहिल्या रंगपंचमीला आपण स्वतः रहाडीवर न्यायचं. आणि कमानीच्या दोन्ही बाजूंना गुलाब लावायचे. मागून टोमणा मारणारा तो गृहस्थ, त्यानंच पहिल्यांदा हात वर केला. रोपं कोण देणार, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, ज्याच्या बापाचा मळा होता, तो येऊन निवडेल.

रहाड पुन्हा झाकली. फळ्या, माती, वर पोरांचे स्टंप. कुणाला काही दिसत नाही. मला दिसतं.

हे पत्र पोस्टात टाकायला पिशवी घेऊन निघालो होतो, तर दीपमालाचा फोन. म्हणाली, ‘काका, बाबा जेवल्याबरोबर ती केशरी टोपी घालून स्टँडवर जाऊन बसले होते. आत्ता पहिल्याच नाशिक गाडीत बसले. शेजारचे हातमागवाले हसत होते, तर त्यांना म्हणाले, हसा, आमच्याकडं पंचमी अजून चालू आहे.’

एवढी मोठी दोन वाक्यं तू बोललास! दीपमालानंही दोनदा सांगितलं, तिलाही खरं वाटत नव्हतं.

मग पत्र टाकत नाही. तुझ्या चहाच्या कपाखाली ठेवतो, येऊन वाच. आणि वाचून झाल्यावर काही बोलू नकोस. नुसतं ‘हं’ म्हण.

खुंटी रिकामी आहे.

निवृत्ती